अक्काच्या वतीनं

कौशी बोलायला लागली की आधी समोरच्याचं मनगट धरायची. वैद्य नाडी बघतो तसं, दोन बोटांनी. बोलणं संपेपर्यंत ते सुटायचं नाही. आमच्या अव्वाला, म्हणजे आईला, ही सवय मुळीच आवडत नसे. "हात सोड आन् मग बोल," असं ती म्हणायची. कौशी हात सोडायची आणि मग तिला काही बोलायचंच उरायचं नाही. हसत निघून जायची. माझ्या थोरल्या बहिणीचं डावं मनगट मात्र तिनं दहा वर्षं जवळजवळ सोडलंच नाही.

कौशल्या तिचं नाव. बहात्तरच्या दुष्काळात ती लातूरला आली. शिरूर अनंतपाळकडच्या एका खेड्यात तिचं घर. विहीर आटली, आईबाप रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेले, आणि ही दहा वर्षांची पोर मामाकडे पाठवून दिली. मामाचं घर आमच्या अगदी समोर. मामा डाळमिलमध्ये मजूर, पदरात चार पोरं. मामीनं आल्या दिवशीच कौशीच्या डोक्यावर घागर दिली. त्या वर्षी आमच्या गल्लीत पोरींना दुसरं कामच नव्हतं. अप्पांचं भांड्याचं दुकान होतं. ते म्हणायचे, "लोक घागरी लई घ्यायलेत. भरायचं काय, ते कुणालाच म्हाईत न्हाई."

माझी बहीण महानंदा. मी तिला अक्का म्हणायचे. वर्गात तिचा नंबर पहिला, अक्षर मोत्यासारखं, पण बोलताना जीभ अडकायची. बाकीचे शब्द कसेबसे निघत. स्वतःचं नाव सांगायची वेळ आली की 'म'वर ओठ जे मिटायचे ते उघडायचेच नाहीत. मान ताठ व्हायची, डोळ्यांत पाणी यायचं, आणि समोरची माणसं हसायची. त्यामुळे ती कुणाशी बोलायचीच नाही.

टँकरच्या रांगेत एक दिवस एक बाई तिला ढकलून पुढे घुसली. अक्का "मा... मा..." करत राहिली. पोरं हसायला लागली. तेवढ्यात मागून ही नवी पोर आली, अक्काचं मनगट धरलं, तिच्या तोंडाकडे क्षणभर निरखून पाहिलं आणि त्या बाईला म्हणाली, "ती म्हणते, माझा नंबर तुमच्या आधी हाय. घागर काढा."

बाईनं घागर काढली.

त्या दिवसापासून कौशी अक्काच्या वतीनं बोलायला लागली. शाळेत दोघी एकाच वर्गात. गुरुजींनी अक्काला उभं केलं की शेजारी कौशीही उभी. "सर, तिला येतंय. ती म्हणते..." असं म्हणून अक्काच्या ओठांकडे बघत उत्तर सांगायची. नवल म्हणजे उत्तर बरोबर असायचं, आणि ते कौशीला स्वतःला कधीच येत नसायचं. उलट कौशीला लिहायचा कंटाळा, म्हणून तिच्या वह्या अक्का लिहायची. गुरुजी कौतुकानं म्हणायचे, "तुम्ही दोघी मिळून एक हुशार मुलगी आहात." आम्हालाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

आणि खरं सांगायचं तर कौशी कुणालाही आवडावी अशीच होती. अप्पा गिऱ्हाइकापुढे घागरीवर टिचकी मारून कान लावायचे, त्याची ती हुबेहूब नक्कल करायची. मुख्याध्यापकांचं खाकरणं, मामीचं कण्हणं, सगळं. अक्का पोट धरून हसायची. आमच्या घरात अक्काला तसं हसवणारं त्याआधी कुणी नव्हतं.

त्याच उन्हाळ्यात केसांचं ते झालं. प्यायलाच पाणी नाही तिथं न्हाणार कशानं? सगळ्या पोरींच्या डोक्यांत उवा झाल्या. मामीनं एक दिवस न्हाव्याला बोलावून कौशीचं डोकं चकोट करून टाकलं. कौशी डोक्याला फडकं गुंडाळून आमच्या ओट्यावर येऊन बसली. रडली नाही. अक्काची वेणी कमरेखाली यायची. त्या वेणीकडे बघून एवढंच म्हणाली, "तुझं बरंय."

दुपारी अव्वा पाण्याला गेली होती. अक्कानं अप्पांची पत्रा कापायची कात्री आणली, आरशासमोर बसली आणि मानेपासून वेणी कापून टाकली. मी सात वर्षांची होते. ओरडायचंसुद्धा मला सुचलं नाही. कौशी दाराला टेकून उभी होती. तिनं 'नको' म्हटलं नाही. 'हे काय केलंस' म्हटलं नाही. खाली पडलेली वेणी उचलली, हातात तोलून बघितली आणि म्हणाली, "आता बरोबर झालं."

वेणी ती घरी घेऊन गेली. अव्वा परत आली, अक्काकडे पाहिलं आणि मटकन खाली बसली. कुणी केलं म्हणून तिनं दहादा विचारलं. अक्कानं स्वतःकडे बोट दाखवलं.

"आपल्यात तुझं-माझं कामून?" हे कौशीचं पालुपद होतं. पाटीवरची पेन्सिल, नागपंचमीची बांगडी, डब्यातली धपाटी, सगळ्यावर तेच. पण हे सगळं अक्काकडून तिकडे जायचं. इकडे काय यायचं, ते मला त्या दोघी नववीत असताना कळलं.

शास्त्राच्या प्रयोगाला बाईंनी अक्काची जोडी दुसऱ्या एका मुलीशी लावली. दोघी कशावरून तरी हसल्या. एवढंच. कौशीनं बोलणं टाकलं. अक्काशी नाही आणि अक्काच्या वतीनंही नाही. दुसऱ्या दिवशी बाईंनी अक्काला उभं केलं तेव्हा सगळा वर्ग सवयीनं कौशीकडे वळला. कौशी खिडकीतून बाहेर बघत राहिली. अक्का ओठ मिटून उभी. तास संपेपर्यंत बाईंनी तिला तशीच उभी ठेवली. असे अकरा दिवस गेले. अक्काचं खाणं सुटलं. अव्वानं दृष्ट काढली, डॉक्टरकडे नेलं. बाराव्या दिवशी सकाळी मी ओट्यावर तोंड धूत होते. अक्का गल्ली ओलांडून मामाच्या दारात गेली आणि काही न बोलता डावा हात पुढे केला. कौशी आत भांडी घासत होती. तिनं वर पाहिलं. सगळी भांडी घासून होईपर्यंत ती उठली नाही. अक्का हात तसाच धरून उभी. मग कौशी आली, ओल्या राखेच्या हातानं तिचं मनगट धरलं आणि म्हणाली, "पुन्हा असं करशील?"

अक्कानं नाही म्हणून मान हलवली.

अप्पाही हे बघत होते. एरवी ते पोरींच्या गोष्टीत पडत नसत. त्या दिवशी दुकानाला जाताना अव्वाला म्हणाले, "मॅट्रिक झाली की थोरलीला नांदेडला माझ्या बहिणीकडं ठेवायची. ही पोर तिला खाऊन टाकायलाली."

मॅट्रिकला अक्का पहिल्या वर्गात आली, कौशी नापास झाली. अक्का नांदेडला आत्याकडे गेली, कॉलेजात नाव घातलं. महिना झाला नसेल, आत्याचं पत्र आलं की कौशी दारात येऊन बसली आहे. आत्या खमकी बाई. तिनं घरात घेतलं नाही. कौशी पायरीवर बसून राहिली. दोन दिवस तिनं अन्नाला हात लावला नाही, आणि आत माजघरात अक्कानंही लावला नाही. तिसऱ्या दिवशी आत्यानं दार उघडलं. पुढे कौशी त्याच गल्लीत एका शिवणकाम करणाऱ्या बाईकडे राहिली, काजं-बटणं करून पोट भरू लागली. रोज सकाळी अक्काला कॉलेजच्या फाटकापर्यंत सोडायची, संध्याकाळी न्यायला हजर.

अक्काला नांदेडचंच स्थळ आलं. मुलाचं कापडाचं दुकान होतं, माणसं साधी. बघायला आले तेव्हा मुलाच्या काकांनी नाव विचारलं. अक्का 'म'वर अडकली. सगळे खाली बघायला लागले. आणि दारामागून आवाज आला, "महानंदा शिवलिंगप्पा शेटे." काका दचकले, मग हसले. मुलगाही हसला, पण चांगलं हसला. लग्न ठरलं.

लग्नात पाठराखीण म्हणून कौशीच गेली. पाठराखीण चार दिवस राहते, आठ दिवस राहते. कौशी दोन महिने राहिली. शेवटी अक्काच्या सासूनं स्वतः तिचं गाठोडं बांधलं आणि लातूरच्या एसटीत बसवून दिलं.

तेव्हाच आमचा लातूर जिल्हा झाला. उस्मानाबादहून सुटलो म्हणून गुळाचे खडे वाटले लोकांनी. भाड्याच्या इमारतींत नवीन नवीन कचेऱ्या उघडायला लागल्या, कारकुनांच्या जागा निघाल्या. अक्कानं लग्नाआधी नोकरीसाठी नाव नोंदवलं होतं, पत्ता आमचा. एक दिवस तिच्या नावाचं मुलाखतीचं पत्र घरी आलं. अप्पा दुकानात होते. मी आनंदानं नाचत ओट्यावर आले आणि समोर कौशी.

"उद्या मी नांदेडलाच जायलाले," ती म्हणाली. "दे, अक्काला देते."

मी पत्र तिच्या हातात दिलं. माझ्याच हातानं दिलं. अक्काचं पुढे काहीच कळलं नाही तेव्हा आम्हाला वाटलं, सासरच्यांनी नको म्हटलं असेल. कौशीही त्यानंतर गल्लीत दिसेनाशी झाली. मामी म्हणाली, "कुटं तरी नोकरीला लागली म्हणं. काय पत्ता न्हाई."

दोन वर्षांनी मी डी.एड. होऊन औशाला एका खाजगी शाळेत लागले. रोज लातूरहून एसटीनं जायचे. पहिल्याच महिन्यात मुख्याध्यापकांनी शाळेचे कागद देऊन मला औशातल्याच एका सरकारी कचेरीत पाठवलं. शिपायानं कागद बघितले आणि म्हणाला, "हे महानंदाबाईंकडं द्या. ते काय, खिडकीपाशी. शेटेबाई."

मला मजा वाटली. अक्काच्याच नावाची, आडनावाचीही. आमच्या भावकीतली कुणी असेल, ओळख काढू, असं म्हणत मी पुढे गेले.

खिडकीपाशी कौशी बसली होती.

कपाळावर भस्माचे तीन पट्टे. गळ्यात लिंगाची चांदीची डबी. आमच्यात मूल जन्मलं की त्याच्या गळ्यात लिंग बांधतात आणि ते मरेपर्यंत अंगावरून उतरत नाही. कौशी आमच्यातली नव्हती. ती काहीतरी लिहीत होती आणि ते अक्षर माझ्या बहिणीचं होतं. तेच गोल 'र', तीच लांब वेलांटी. मला वाटलं, मीच काहीतरी चुकीचं बघते आहे.

तिनं वर पाहिलं. पापणीसुद्धा हलली नाही. एवढंसं हसली आणि शिपायाला म्हणाली, "माझी धाकटी बहीण हाय ही. चहा सांगा." मग माझं मनगट धरलं. "बस की मंगल. अप्पांचा गुडघा कसा हाय?"

मी बसले. चहा प्यायले. सगळी कचेरी माझ्याकडे कौतुकानं बघत होती, "बाई, तुमची बहीण लई गुणाची" असं सांगत होती, आणि मी मान हलवत होते. माझ्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. अक्काला काय होत असेल, ते मला त्या दिवशी कळलं.

निघताना कौशी फाटकापर्यंत आली. तिथं कुणी नव्हतं. "सांगायचं तर सांग," ती म्हणाली. "पर आधी तिला इचार."

त्याच रविवारी मी नांदेड गाठलं. अक्का स्वयंपाकघरात ज्वारीच्या भाकरी थापत होती, लेक पाटाशेजारी खेळत होती. मी दार लावून घेतलं आणि एका दमात सगळं सांगितलं. तिचं नाव, तिची मॅट्रिकची सनद, तिचं भस्म, तिचं अक्षर. मला वाटलं होतं, ती कोसळेल.

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "का... कागद मीच दिले," ती म्हणाली.

"अक्का!"

"मुलाखतीला मी काय बो... बोलले असते? शाळेत बी तीच उभी राहायची की."

"शाळा येगळी! ही नोकरी हाय, जल्माची. तुझं नाव घेऊन बसलीय ती!"

अक्का थोडी हसली. माझ्याशी ती सावकाश बोलायची, थांबत थांबत. तिच्या त्या थांबण्यांसकट सांगायला माझ्याच्यानं होणार नाही. ती म्हणाली, "लग्नाच्या दिवशी तांदळात बोटानं नवं नाव लिहिलं यांनी. सुवर्णा. ह्या घरात मला महानंदा कुणी म्हणत न्हाई. ते नाव रिकामंच पडलं होतं, मंगल. कौशी म्हणाली, एवढं दे, मग मी तुझ्या दारात पुन्हा येणार न्हाई. मी दिलं. मोकळं व्हायला दिलं."

"आन् मग आली न्हाई?"

"न्हाई. शब्दाची पक्की हाय ती."

चुलीतला जाळ कमी झाला होता, तिनं लाकूड पुढे सारलं. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "क... कशी दिसते? वाळली का? अंबाडा घालते का वेणी? टेबल कसलं हाय, लाकडी?" एकामागून एक विचारत सुटली. कुठल्या रंगाचं लुगडं होतं, दुपारी डबा खाते का, कुणाबरोबर खाते. कुणाबरोबर खाते हे तिनं दोनदा विचारलं. कौशीनं जे केलं त्यानं मला धक्का बसला होताच, पण अक्काचे ते भुकेले डोळे बघून मी जास्त घाबरले.

घरी मी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दोघीही तुरुंगात गेल्या असत्या, आणि अप्पांनी हाय खाल्ली असती. पुढच्याच वर्षी कौशीनं दूरची बदली मागून घेतली आणि ती कुठं गेली ते मी शोधलं नाही. अक्का आज नांदेडला नातवंडांत आहे. पण बदलीच्या आधी एकदा त्या दोघी समोरासमोर आल्या, आणि कौशीला मी शेवटचं पाहिलं ते तेव्हाच.

मार्चचा महिना होता. माझी शाळा सकाळची. शाळा सुटून बाहेर आले तर फाटकाशी अक्का उभी, कडेवर लेक. नांदेडहून एकटी आली होती, घरी न सांगता. मला बघून म्हणाली, "मला ति... तिला बघायचंय. एकदाच."

मी नको नको म्हणत होते. ती ऐकेना. आम्ही कचेरीत गेलो. आत दहा-बारा माणसं कामात. अक्का सरळ खिडकीपाशी गेली आणि टेबलासमोर उभी राहिली. तिचा चेहरा जसा उजळला होता, तसा मी तिच्या लग्नातही पाहिला नव्हता.

कौशीनं वर पाहिलं. तिच्या हातातलं पेन थांबलं. शेजारच्या टेबलावरचे कारकून वर बघायला लागले. तसं कौशीनं पेन खाली ठेवलं आणि परक्या आवाजात विचारलं, "कोण पायजे बाई तुमाला?"

अक्काला आधी कळलंच नाही. तिनं तोंड उघडलं. "म..." ओठ मिटले. मान ताठ झाली. "म... म..." कडेवरची लेक तिच्या तोंडाकडे बघायला लागली. मी पुढे होणार होते. पण कौशी अक्काच्या ओठांकडे बघत होती, तसंच, पहिल्यासारखंच निरखून, आणि तिनंच तो शब्द पुरा केला.

"महानंदा शेटे?" ती म्हणाली. "मीच. काय काम होतं?"

अक्का तिच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "काय न्हाई." हे मात्र अजिबात न अडखळता. आणि वळली.

बाहेर रणरणतं ऊन होतं. मैदान ओलांडून आम्ही एसटी स्टँडकडे निघालो. मला अक्काकडे बघायचं धाडस होत नव्हतं. ती भराभर चालत होती, पदर वाऱ्यावर, लेक कडेवर हिंदकळत होती. आम्ही निम्म्या मैदानात असताना मागून हाक आली, "मंगल!"

मी मागे वळले. कौशी व्हरांड्यात आली होती. पायांत चपलासुद्धा नव्हत्या. एका हातानं तिनं खांब धरला होता.

"लेकराला ऊन लागायलंय," ती ओरडली. "तिला म्हणावं, त्याच्या डोक्यावर पदर घाल."

मी काही सांगायच्या आधीच, मागे न बघता, चाल न थांबवता, अक्कानं पदर ओढला आणि लेकीच्या डोक्यावर घातला.